पिठल्याची घनता

आमच्या तासगावच्या घरात भिंतीवर कॅलेंडर होतं, पण त्याचे उपयोग दोनच: दुधाचे खाडे मांडणं आणि मागचा पोपडा झाकणं. आज तारीख किती, हे आम्हा भावंडांना पिठलं बघून कळायचं.

अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर होते. पगार एक तारखेला होणार असं धरून चालायचं आणि चार तारखेला झाला तर आश्चर्य वाटून घ्यायचं नाही, असा रिवाज होता. पगार झाला की त्या आठवड्यात आई पाटवड्या करायची. डाळीचं पीठ घट्ट शिजवून ताटात थापायचं, वर खोबऱ्याचा कीस, खसखस, कोथिंबीर, मग सुरीने शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या आणि सोबत लालभडक रस्सा. दहा तारखेच्या पुढे झुणका सुरू व्हायचा. कोरडा, कांद्याचा, चिमटीने उचलता येणारा. विसाव्या तारखेला पिठलं. त्याला भाकरीचा तुकडा मुडपून त्याची पळी करावी लागायची. पंचविसाव्या तारखेनंतर जे यायचं त्यालाही घरात पिठलंच म्हणत, पण ते वाटीतून वाढलं जायचं आणि शेवटी त्या वाटीलाच ओठ लावावे लागायचे. आधी सुरी, मग चिमूट, मग भाकरी, मग ओठ. महिना असा उतरत जायचा.

पीठ मात्र चारही आठवडे वाटीभरच. विसाव्या तारखेला आई वाटीभर पिठाला तीन वाट्या पाणी घालायची आणि सत्तावीस तारखेला तेच पाणी सहा वाट्यांपर्यंत गेलेलं मी स्वतः पाहिलं आहे. लोकांच्या घरी महागाई यायची, आमच्याकडे पाणी यायचं.

धाकट्या भावाचा तर या शास्त्रावर इतका विश्वास होता की एकदा वर्गात अण्णांनीच त्याला फळ्यावर आजची तारीख लिहायला सांगितली, तेव्हा तो जरा थांबून म्हणाला, "काल झुणका होता, पण ओलसर होता. म्हणजे सोळा नाहीतर सतरा." वर्ग हसला. अण्णा हसले नाहीत आणि त्याला मारलंही नाही. त्यांनी सतरा लिहायला सांगितलं. ती सतराच होती.

फेब्रुवारी महिन्यावर आईचा फार जीव. त्या महिन्याचं कौतुक करणारं दुसरं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

पातळ पिठलं करणं हे घट्ट पिठल्यापेक्षा अवघड काम आहे, हे मला फार उशिरा कळलं. घट्ट पिठल्यात चुका लपतात. पातळ पिठल्यात एक गुठळी जरी राहिली तरी ती वाटीत बेटासारखी तरंगते आणि भोवतीचा समुद्र किती मोठा आहे हे सगळ्यांच्या लक्षात येतं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ एकदम टाकलं की त्याचा बाहेरचा थर फुगून चिकट होतो आणि आतल्या पिठापर्यंत पाणी पोचूच देत नाही, म्हणून गुठळी होते. आई एका हाताने चिमटीचिमटीने पीठ वैरायची आणि दुसऱ्या हाताने ढवळायची. दोन्ही हातांचा वेग वेगळा आणि तोंडाने आम्हाला रागावणं चालू, त्याचा वेग तिसराच. शेवटच्या आठवड्यात मात्र ती वैरायच्या भानगडीत पडत नसे. पीठ गार पाण्यातच कालवून घ्यायची, कारण पाणी एवीतेवी घालायचंच होतं.

पिठलं जसजसं पातळ होई, तसतसा शेजारचा खर्डा तिखट होत जाई. हा योगायोग असावा असं मी कैक वर्षं समजत होतो. मग एकदा आईलाच विचारलं. ती म्हणाली, "तिखट लागलं की पोरं पाणी पितात."

वाटीबद्दल सांगायला हवं, कारण घराचं अर्थखातं त्या वाटीत होतं. पितळेची, एका बाजूला पोचा आलेली, आजीच्या लग्नातली. तांदूळ, डाळ, पीठ, सगळं त्याच वाटीने मोजायचं. पोच्यामुळे तिच्यात चमचाभर कमी मावायचं आणि आईने ती कासाराकडून कधीही नीट करून घेतली नाही. तिचं दुसरं खातं म्हणजे मूठ. सकाळी तांदूळ मोजून घेतले की त्यातली एक मूठ परत वेगळ्या डब्यात जायची. कुणाला काही कमी पडलेलं कळायचं नाही. महिनाअखेरीला त्या डब्यात चार-पाच दिवसांचा भात जमलेला असायचा. पुढे मी बँकेत नोकरीला लागलो आणि आवर्ती ठेव नावाचा प्रकार लोकांना समजावून सांगू लागलो, तेव्हा मला ती योजना नवीन वाटली नाही. फक्त आमच्या बँकेच्या ठेवीला सोंडे लागत नव्हते.

काटकसरीत आईचं डोकं चालायचं आणि अण्णांचा उत्साह. दोन्ही एकत्र आले की संकट ओढवायचं. आठवडी बाजाराला सकाळी जाणं म्हणजे पैसे उधळणं, असं अण्णांचं मत होतं. संध्याकाळी शेतकऱ्याला घरी जायची घाई असते, एसटी चुकायची भीती असते. उरलेला माल तो वाट्यावर लावतो आणि अंधार पडला की पाटीच्या पाटी गुत्त्याने देऊन टाकतो. या क्षणाची अण्णा शिकाऱ्यासारखी वाट बघायचे. कधी वेळ चुकायची आणि हात हलवत परत यायचे. कधी वेळ साधायची. ते जास्त वाईट.

एकदा ज्येष्ठात त्यांनी पाटीभर वांगी दीड रुपयाला आणली. "दीड रुपया!" ते दारातूनच म्हणाले. आईने पाटीकडे पाहिलं, मग आम्हा तिघांकडे, बहुधा तोंडं मोजण्यासाठी. पहिल्या दिवशी भरली वांगी झाली, घरात उत्सव झाला. दुसऱ्या दिवशी भरीत. तिसऱ्या दिवशी वांग्याची आमटी, चौथ्या दिवशी वांगीभात, आणि रात्री काप. पाचव्या दिवशी बटाटा-वांग्याची भाजी होती, पण बटाटा आणायचा तर पैसे पडले असते, म्हणून त्या भाजीत बटाटा नव्हता. सहाव्या दिवशी अण्णांनी जेवताना वांग्याच्या गुणधर्मांवर इयत्ता चौथीला शोभेल असं छोटं भाषण केलं. कुणी मान वर केली नाही. सातव्या दिवशी आजीने हात धुतले, देवघराकडे बघून नमस्कार केला आणि जाहीर केलं, "उद्यापासून माझा चातुर्मास." चातुर्मासात वांगं वर्ज्य. आषाढी एकादशीला तेव्हा अजून पंधरा दिवस होते, पण पंचांग काढून दाखवायची हिंमत कुणाला झाली नाही. आम्हीही आजीबरोबर चातुर्मास धरायला तयार होतो. आई म्हणाली, पाटी संपल्यावर.

आमच्या घरात 'शिळं' हा शब्द उच्चारायला बंदी होती. पदार्थ शिळा व्हायच्या आत त्याचं नव्याने बारसं व्हायचं. सकाळचं वरण रात्री चिंच-गूळ पडून आमटी व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आमटी थालिपिठाच्या पिठात जिरून जायची. भाऊ चौकस होता.

"आई, ही सकाळचीच डाळ ना?"

"सकाळी वरण होतं. ही आमटी आहे."

"पण डाळ तीच ना?"

"तू सकाळी शाळेत होतास, आता घरात आहेस. तूच ना?"

मास्तरांच्या घरात असा युक्तिवाद करणारी व्यक्ती मास्तर नव्हती, हे लक्षात घ्यायला हवं.

भाकरी उरली तर ताकात कुस्करून काला, भात उरला तर फोडणीचा, पोळी तर उरायचीच नाही, कारण ती सणालाच व्हायची. पुण्याच्या मामीकडे मात्र रोज पोळ्या. मी पहिल्यांदा तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा रात्री निजताना ती म्हणाली, "उद्या सकाळी माणिकपैंजण करते हं तुझ्यासाठी." मला रात्रभर नीट झोप लागली नाही. पुण्याची मिठाई असणार, वर्ख लावलेली असणार, केशर तर नक्कीच. सकाळी बशीत आली ती फोडणीची पोळी. कुस्करून, कांदा घालून, वर कोथिंबीर. चवीला उत्तम होती. पण मी ते नाव विसरू शकलो नाही आणि तासगावला परत आल्यावर आईला म्हटलं, आपणही पातळ पिठल्याला एखादं नाव ठेवू. ती म्हणाली, "पिठलं म्हणते हेच पुष्कळ आहे."

आमच्या कचऱ्याच्या टोपलीला उपाशी राहायची सवय होती. दोडक्याची भाजी झाली की त्याच्या शिरांची तीळ घालून चटणी व्हायची. दुधीच्या सालीची व्हायची. मुळ्याचा पाला डाळीच्या पिठात जायचा, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत आणि कलिंगडाच्या लाल आणि हिरव्या भागांमधला तो पांढरा बेचव भाग, ज्याला देवाने सुद्धा नीट रंग दिलेला नाही, तो किसून थालिपिठात. दारात उभी राहणारी गाय आमच्या दारात उभी राहत नसे. शेजाऱ्यांकडे जायची. आता या सगळ्याला 'झीरो वेस्ट' म्हणतात आणि त्याच्या कार्यशाळा असतात, असं मी परवाच वर्तमानपत्रात वाचलं. फी वाचून दाखवली, तर आईने विचारलं, "जेवण धरून?"

एका बाबतीत मात्र आमच्या घराची काटकसर साफ हरली, ती उपासाच्या बाबतीत. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ जेवू नका, देशाचं धान्य वाचवा, असं आवाहन केलं आणि सोमवारची रात्र त्यासाठी ठरली. हॉटेलंसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली. मी तेव्हा पाच वर्षांचा, त्यामुळे पुढचं ऐकीव आहे. अण्णांनी त्याच आठवड्यापासून सोमवारची चूल बंद केली. आजी म्हणाली, "उत्तम. सोमवार शंकराचा वार. मी फराळाचं बघते." पहिल्या सोमवारी साबुदाण्याची खिचडी झाली. शेंगदाण्याचं कूट, तूप, बटाटा, दह्याची कवडी. दुसऱ्या सोमवारी खिचडीबरोबर रताळ्याचा कीस. तिसऱ्या सोमवारी अण्णांनी वाण्याची वही बघितली आणि ते मटकन बसले. देशाची ज्वारी वाचली होती हे खरं, पण ती वाचवायला घराला महिन्याभराचं तेल, तूप आणि दाणे लागले होते. आईने तोडगा काढला. सोमवारी पिठलं करायचं, पण अण्णांनी ते खायचं नाही, म्हणजे देशाचा मान राहतो. आजीने खिचडी सोडली नाही.

पुढे मोठेपणी कळलं की उपासाचं आमचं सगळं ताटच मुळात परदेशी आहे. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो, बटाटा, शेंगदाणा, रताळं, हिरवी मिरची, हे सगळं अमेरिका खंडातलं, गेल्या चार-पाचशे वर्षांत गोऱ्यांच्या जहाजांतून आलेलं. ज्या ऋषींच्या नावाने आजी उपास करायची, त्यांना यातला एकही पदार्थ दाखवला असता तर त्यांनी शिष्याला चाखायला सांगितला असता. हे आजीला सांगायचं राहून गेलं. बरंच झालं.

अमेरिकेशी आमचा थेट संबंध आला तो १९७२ च्या दुष्काळात. रेशनवर मिलो यायला लागला. ही तिकडची लालसर ज्वारी. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतंच, म्हणून तर भाकरीला पीठ उकळत्या पाण्यात भिजवून मळतात, नाहीतर थापताना काठ फाटतात. मिलोला उकळतं पाणीही पुरायचं नाही. आई मळत राहायची, मळत राहायची आणि तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे दोन प्रांत झालेले असायचे. खाताना पुन्हा रंगामुळे वाटायचं की विटेचा चुरा पडला आहे. दुष्काळी कामांवर सुकडी वाटत, ती आम्हाला मात्र खाऊ वाटायची. तिच्यासाठी मी एका मित्राला माझा भोवरा दिला होता, आणि तो व्यवहार आजही मला तोट्याचा वाटत नाही.

त्याच साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर बायकांनी महागाईविरुद्ध समिती काढली. पुढे त्यांचे लाटणं मोर्चे गाजले, हजारो बायका हातात लाटणं घेऊन रस्त्यावर. अण्णांनी ती बातमी आईला मोठ्याने वाचून दाखवली. आई भाकरी थापत होती. तिने बातमी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाली, "आपल्याला कुठलं लाटणं? आपण काय न्यायचं, काटवट?" मग हातातल्या पिठाकडे बघून म्हणाली, "का नुसतेच हात?"

तेव्हापासून पिठल्याचं पुष्कळ राजकारण झालं. १९९५ साली आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायला सुरुवात केली. नाक्यानाक्यावर केंद्रं उघडली. आम्ही सांगलीत राहायला आलो होतो. मी उत्सुकतेने एका केंद्रावर जाऊन आलो आणि घरी येऊन आईला सांगितलं. तिने पहिला प्रश्न केला, "केवढा झुणका देतात?" मी हाताने दाखवला. "आणि कसा होता? कोरडा?" मी म्हटलं, "बऱ्यापैकी." "बघू," ती म्हणाली, "महिनाअखेर जाऊन ये परत." ती योजना पुढे बंद पडली. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी दुसऱ्या सरकारने दहा रुपयांत शिवभोजन थाळी आणली, तिच्यात पोळ्या, भाजी, वरण आणि भात. पंचवीस वर्षांत भाकरीची पोळी झाली आणि झुणक्याला सरकारी ताटातून वगळलं, याबद्दल कुणी ब्रही काढलेला मला आठवत नाही.

झुणका दुसरीकडेच गेला होता. पूर्वी तो खायला सिंहगड चढावा लागायचा. वर पिठलं-भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही, आणि चढून आल्याने भूकही अशी लागलेली की पळीवाढं पिठलंसुद्धा पाटवडीसारखं लागायचं. आता तो गड उतरून शहरात आला आहे. गेल्या वर्षी आम्ही पुण्याला मुलाकडे गेलो, तो हिंजवडीत नोकरीला आहे. त्याच्या आजीला काहीतरी खास खायला घालायचं म्हणून तो आम्हा सगळ्यांना एका हॉटेलात घेऊन गेला. भिंतीला बैलगाडीचं चाक, छताला कंदील, वाढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर फेटे. आईने बसतानाच विचारलं, "लग्न कुणाचं?" मेनूकार्डात 'गावरान झुणका' असं होतं आणि पुढे दोनशे वीस. आईने चष्मा आणला नव्हता.

"केवढ्याला आहे रे?"

"बावीस," मी म्हणालो.

"बावीस!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं. "लूट आहे नुसती. ऊठ."

तिला कशीबशी बसवली. झुणका आला, तांब्याच्या इवल्याशा हंडीत. मोजून चार चमचे, वर कोथिंबिरीची काडी आणि बाजूने तेलाचं आळं. आईने बोटाच्या पेरावर घेतला, चाखला, आणि म्हणाली, "यांची आज एक तारीख दिसते."

हिशोब मी घरी येऊन केला. आमच्या वाण्याकडे बेसन एकशे दहा रुपये किलो आहे. वाटीभर म्हणजे फार तर दहा-अकरा रुपयांचं. दोन कांदे, मिरच्या, फोडणी धरली तरी पंचवीसच्या आत चार माणसांचं होतं. दोनशे वीस रुपयांत आईने महिना काढला असता आणि पंचवीस तारखेपर्यंत पाण्याला हात लावला नसता. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली होती तेव्हासुद्धा आमच्याकडे गडबड झाली नव्हती. बायको घाबरी होऊन म्हणाली, "अहो, आता हो?" आणि आई आतून म्हणाली, "आता पिठलं." हरभऱ्याची डाळ तेव्हा तुरीपेक्षा स्वस्त होती. ती वर गेली असती तर काय केलं असतं, असं मी विचारलं. हुलगे आहेत, म्हणाली. माडगं करता येतं, शेंगोळ्या होतात. आणि हुलगेही महागले तर? तिने माझ्याकडे पाहिलं. "मग चातुर्मास."

तर मुद्दा मुलाचा होता. हॉटेलच्या त्या प्रकारानंतर आईने त्याला खोदून खोदून विचारलं आणि असं बाहेर आलं की तो आणि त्याचा खोलीतला मित्र मिळून मोबाइलवरून महिन्याला चौदा हजारांचं जेवण मागवतात. आई गप्प झाली. रात्री तिला मी कॅलेंडरकडे बघताना पाहिलं. आकडा मुलालाही लागला असावा, कारण पुढच्याच आठवड्यात त्याचा फोन आला: "आजी, ठरलं. आता घरीच. साधं. पिठलं-भात."

फोन स्पीकरवर होता, म्हणून सगळं ऐकलं.

"बेसन किती ग्रॅम?"

"वाटीभर."

"कुठली वाटी?"

"आपली वाटी."

"आजी, आमच्याकडे वाटीच नाही. मग आहे, बाउल आहे."

"मग भांडंभर नको. वाटीभर."

"बरं, पाणी किती?"

आई क्षणभर थांबली. "आज तारीख काय?"

"सहा."

"मग दोन वाट्या घाल."

ते पिठलं त्याला अडीच हजारांना पडलं. त्याने माझ्यासारखाच हिशोब ठेवला होता, रक्तात आहे. नवीन कढई ११५०, मोजमापाच्या कपांचा संच ३४९, छोटा वजनकाटा ५९९, सेंद्रिय बेसन १४०, हिंग ९५, आणि कांदे, मोहरी, हळद, तिखट वगैरे मिळून १८७. एकूण २५२०. त्यात गुठळ्या झाल्या. पीठ वैरायचं असतं हे आजीने सांगितलं होतं, पण त्याला 'वापरायचं' असं ऐकू आलं, आणि त्याने सगळं एकदम वापरलं. मग त्या रात्री ६४० रुपयांचं बाहेरून मागवलं. पहिलं घरगुती साधं स्वस्त जेवण ३१६० रुपयांत झालं.

बायकोने त्याला तिची 'रुचिरा' पाठवून दिली. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० चं, आमच्या लग्नात हिला तिच्या मावशीने दिलेलं. मुलाने दोन दिवसांनी फोन केला, जरा हताश होता. "आई, यातही वाटीच आहे." शेवटी मी कासार गल्लीत जाऊन एक पितळेची वाटी घेतली आणि कुरिअर केली. आईने पाठवण्याआधी ती हातात घेऊन फिरवली आणि पोचा नाही म्हणून नापसंती दाखवली.

हळूहळू त्याला जमू लागलं. पोळ्या बाहेरून घेतो, भाकरीच्या वाटेला गेलेला नाही, पण पिठलं, फोडणीचा भात, आमटी करतो. मित्रही शिकला. खर्च खाली आला, चौदाचा पाचवर आला, असं तो सांगतो. फक्त एक गोष्ट आईपासून आम्ही अजून लपवून ठेवली आहे. कोथिंबीर तो मोबाइलवरून मागवतो. एक जुडी, दहा मिनिटांत दारात, जुडीचे पंधरा आणि आणून द्यायचे वेगळे पंचवीस. मंडईत सहा भाज्या घेऊनही भाजीवालीने कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकल्या नाहीत तर आई पिशवी उलटी करून सगळ्या भाज्या परत करायची. त्या बाईच्या नातवाने चाळीस रुपयांची कोथिंबीर खाल्ली हे तिला या वयात कळू नये.

गेल्या आठवड्यात त्याने व्हिडिओ कॉल केला. दोघांनी जेवायला बसायच्या आधी कढई दाखवायची होती. आईचा मोतिबिंदू निघाल्यापासून तिला सगळं स्पष्ट दिसतं, नको तेवढं. त्याने कढईत पळी घातली, वर उचलली, आणि पिठलं पळीवरून सरळ धारेने खाली आलं.

आई फोनच्या जवळ सरकली. "परत दाखव."

त्याने परत दाखवलं. धार तुटली नाही.

"आज तारीख काय रे?"

"आठ. का ग, आजी?"

"पाणी किती घातलंस?"

"जरा जास्त झालं."

"सगळे असंच म्हणतात," आई म्हणाली. "तुझे आजोबा चारचौघांत हेच सांगायचे." मग फोनवर पदर धरून माझ्याकडे वळली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आठ तारखेला असलं पिठलं? याची नोकरी गेली का रे?"

मी तिला समजावलं. नोकरी आहे, पगार एक तारखेला होतो, तोही माझ्या पेन्शनच्या तिप्पट, पोराच्या हातून पाणी सांडलं असेल. ती ऐकून घेत होती, पण पटलेलं दिसत नव्हतं. रात्री जेवण झाल्यावर तिने उशीखालचा बटवा काढला, पाचशेची घडी घातलेली नोट माझ्या हातात दिली आणि त्याला पाठव म्हणाली. तिचं समाधान व्हावं म्हणून मी मोबाइलवरून त्याच्या खात्यावर पाचशे रुपये टाकले. सोबत लिहिलं, आजीकडून, हसू नकोस, परत पाठव.

त्याने परत पाठवले नाहीत. थँक्यू आजी, एवढंच आलं. आज आठवडा झाला, आणि आता मीही जरा काळजीत आहे.